जुनी दुनळी हाती आली तर: आधी मोजा, मग घासा

जुन्या दुनळी बंदुकीचं खरं मोल नळ्यांच्या भिंतीत उरलेल्या लोखंडात असतं. चिरलेला दस्ता जोडता येतो, मोडलेली स्प्रिंग नवी घडवता येते, ढिलं झालेलं बिजागर पुन्हा घट्ट बसवता येतं. नळीतून घासून गेलेलं लोखंड मात्र परत येत नाही. तरी बहुतेक घरांत उलटंच होतं. बंदूक माळ्यावरून खाली आली की पहिल्यांदा पॉलिश पेपर निघतो, दोन दिवसांत नळ्या चकचकीत होतात, आणि ती बंदूक कुणी, कधी आणि कोणत्या दारूसाठी बनवली हे सांगणारे छापच पुसले जातात.

आपल्याकडे कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर किंवा देशावरच्या जुन्या वाड्यांत सापडणारी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) दुनळी बहुधा बर्मिंगहॅमची असते. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटन, रॉडा किंवा लायन अँड लायनचं नाव दिसलं तरी हे प्रामुख्याने विक्रेते. माल बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमधल्या कारागिरांकडून बनून येई आणि नाव विकणाऱ्याचं कोरलं जाई. म्हणून नावापेक्षा छापांवर जास्त विश्वास ठेवावा. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असं कोरलेल्या कित्येक बंदुका बेल्जियममधल्या लीजच्या आहेत, त्यांचा वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्रजी बंदूककाराशी काही संबंध नाही. नळीखाली लंबगोलात ‘ई एल जी’ ही अक्षरं दिसली की माल लीजचा. वर मुकुट असेल तर तो छाप 1893 नंतरचा.

हात लावण्याआधी

कायद्याचं आधी. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांच्या व्यवसायाला परवाना लागतो. म्हणजे ओळखीच्या लेथवाल्याकडे नळ्या नेऊन देणं हा त्याच्यासाठीही गुन्हा आणि तुमच्यासाठीही. परवाना वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर होता आणि ते आता नाहीत, तर कलम 21 प्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाचा अर्ज करायचा. कलम 45 मध्ये कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाच्या हत्यारांना सूट आहे खरी, पण ती दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशाच हत्यारांना. ‘शंभर वर्षांची आहे म्हणजे परवाना नको’ हा समज चुकीचा आहे. बारा बोअरचं काडतूस बसणारी बंदूक कितीही जुनी असली तरी बंदूकच. पुढे जे धातूकाम लिहिलं आहे ते परवानाधारक कारागिराचं काम आहे. मालकाला ते माहीत हवं ते त्याला नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून.

मग आत बार भरलेला आहे का ते. काडतुसी दुनळी मोडून उघडली की चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं. ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे जिच्या तोंडातून दारू ठासून भरतात तिच्यात, ते दिसत नाही, आणि पन्नास वर्षं भरून ठेवलेली ठासणीची बंदूक ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. नळीच्या तोंडातून लाकडी काठी हळूच तळापर्यंत सोडायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. काठीचं टोक कानाच्या छिद्रापर्यंत (मागे जिथून दारू पेटते तिथपर्यंत) पोचत नसेल, दोन-तीन इंच अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. ते घरी उकरायचं नाही. काळी दारू कोरडी राहिली असेल तर किती वर्षं गेली याला काही अर्थ नसतो.

नळीखालचे छाप

नळ्या उतरवून उलट्या धरल्या की मागच्या टोकाशी खालच्या सपाट भागावर छाप दिसतात. गंजाने भरले असतील तर तेलात भिजवून पितळी ब्रशने मोकळे करावेत, कागदाने घासू नयेत. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, म्हणजे नळ्यांची चाचणी घेऊन छाप मारणारी संस्था, 1813 च्या कायद्याने उभं राहिलं. मुकुटाखाली एकमेकांवरून गेलेले दोन राजदंड आणि भोवती ‘बी सी पी’ अक्षरं हा 1904 पूर्वीचा बर्मिंगहॅमचा छाप. त्यानंतर मुकुटाखाली ‘बी पी’, ‘बी व्ही’ आणि ‘एन पी’ येतात. यातला ‘एन पी’ सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो नायट्रो म्हणजे धूरविरहित दारूच्या चाचणीचा. तो नसेल तर नळी फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली आहे असं धरून चालावं. ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं असेल तर बंदूक 1875 ते 1887 या काळातली आणि तिच्या तोंडाशी चोक आहे, म्हणजे नळी तिथे जराशी अरुंद केलेली आहे. 1921 पासून काही वर्षं बर्मिंगहॅमने वर्ष दाखवणारं अक्षरही मारलं. ‘3 टन’ असा दाबाचा आकडा दिसला तर छाप 1954 नंतरच्या नियमांचा, एकतर बंदूक तेवढी नवी किंवा जुनी नळी तेव्हा पुन्हा तपासून घेतलेली.

छापात 12 किंवा 13/1 असा आकडाही असतो. हा तपासणीच्या दिवशी नळीचा आतला व्यास होता, नळीच्या मागच्या टोकापासून 9 इंचांवर मोजलेला. 13/1 म्हणजे 0.719 इंच, 12 म्हणजे 0.729 आणि 12/1 म्हणजे 0.740. मोजमापाचं सूत्र सोपं आहे: आजचा व्यास पुढच्या आकड्याला जाऊन टेकला असेल तर नळी प्रूफबाहेर गेली. 13/1 छापाची नळी आज 0.730 भरत असेल, तर आतून लोखंड कुणीतरी घासून काढलं आहे आणि जुना छाप आता तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. 1954 नंतरच्या नळ्यांवर व्यास दशांशात असतो. तिथे मर्यादा दहा हजारांश इंचाची, म्हणजे पाव मिलिमीटरची.

भिंत किती जाडीची उरली

आतला व्यास ठीक भरला म्हणून नळी ठीक, असं नाही. बाहेरून चार वेळा पॉलिश झालेली नळी आतून जशीच्या तशी राहते आणि भिंत मात्र पातळ होते. म्हणून भिंतीची जाडी स्वतंत्र मोजावी लागते. त्यासाठी लांब दांडीवर डायल बसवलेला खास गेज असतो: दांडीचं टोक नळीच्या आत, डायलचं टोक बाहेर, आणि नळी हळूहळू फिरवत पुढे सरकवायची. बाजारातल्या साध्या अल्ट्रासॉनिक यंत्रावर इथे भिस्त ठेवू नये. एक मिलिमीटरखालच्या, वळलेल्या पत्र्यावर त्याचे आकडे भरवशाचे नसतात.

नळी मागे जाड आणि पुढे निमुळती असते. सर्वांत पातळ जागा बहुधा पुढच्या तिसऱ्या भागात, चोक सुरू होण्याआधी सापडते. बारा बोअरच्या नव्या नळीत तिथे तीस हजारांश इंच (सुमारे 0.76 मि.मी.) किंवा त्याच्या आसपास जाडी असे. इंग्लंडमध्ये वीस हजारांश (0.51 मि.मी.) ही रिवाजाने मानलेली खालची रेघ आहे. कायद्यात असा आकडा नाही, पण धंद्यातला कुणी जाणकार त्याखालची नळी चालवायला हो म्हणत नाही. वीस ते पंचवीसच्या मधली नळी फुटेलच असं नाही, पण दाराच्या चौकटीवर जरा आपटली तरी तिला पोचा येतो, आणि तो पोचा काढण्याइतकं लोखंडही उरलेलं नसतं. दोन्ही नळ्या, प्रत्येकीवर चार बाजू, दर दोन इंचांवर एक माप: असा तक्ता कारागिराकडून लिहून घ्यावा. एका बाजूला अठ्ठावीस आणि दुसऱ्या बाजूला एकोणीस असे आकडे आले तर नळी आतून एकांगी घासली गेली आहे किंवा बाहेरून कानशीने पोचा ‘काढलेला’ आहे.

आता खड्डे. जुन्या टोप्यांमध्ये (काडतुसाची दारू पेटवणाऱ्या) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर मागे राहणारा क्षार मिठाच्याच जातीचा, हवेतलं पाणी ओढून घेणारा. कोकणातल्या दमट हवेत बार काढल्यावर दोन दिवस नळी धुतली नाही तर तिथे गंज धरलाच म्हणून समजा. या क्षाराला तेल विरघळवू शकत नाही, पाणीच लागतं. त्यामुळे ‘दर वेळी तेल घालत होतो’ असं सांगणाऱ्यांच्याही नळ्या आतून खाल्लेल्या दिसतात. खड्डे सगळ्यात जास्त सापडतात चेंबरच्या पुढच्या निमुळत्या जागी आणि तिथून सहा-आठ इंचांपर्यंत, म्हणजे नेमके जिथे दाब सर्वांत जास्त असतो तिथे. बरी गोष्ट एवढीच की तिथली भिंत जाडही असते. हिशेब असा करावा: त्या जागची जाडी उणे सर्वांत खोल खड्डा. वरवरची काळी टिंबं आणि रांगेने पसरलेले, कडा दिसणारे खड्डे यांत फरक आहे. पहिल्यांसोबत बंदूक आणखी पन्नास वर्षं जगते. दुसरे दमास्कस नळीत (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या नळीत) असतील तर मी ती भिंतीवर टांगण्यापुरतीच मानतो, कारण तिथे गंज लोखंड-पोलादाच्या सांध्यासांध्यांतून आत शिरलेला असतो आणि त्याची खोली वरून कळत नाही.

नळीतून उजेडाकडे पाहताना आतल्या भिंतीवर सावलीची कडी दिसतात. ती सलग गोल, एकात एक असतील तर नळी सरळ. एखादी कडी एका बाजूला दबलेली असेल तर तिथे बाहेरून पोचा आहे. पूर्ण गोल काळी कडी दिसली आणि बाहेरून बोट फिरवताना उंचवटा लागला तर नळी तिथे फुगली आहे. फुगण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: तोंडात माती, चिंधी किंवा गांधीलमाशीचं घर होतं आणि तसाच बार काढला.

पोचा काढता येतो. आतून नेमक्या मापाचा पितळी किंवा पोलादी ठोकळा सरकवतात आणि बाहेरून तांब्याच्या हातोडीने हलके ठोके देत धातू मूळ जागी आणतात. काही जण पसरणारा हायड्रॉलिक ठोकळा वापरतात. चांगल्या हाताने केलं तर लोखंड वाया जात नाही. वाईट हाताने केलं तर पोचा अर्धवट उचलतात आणि उरलेला उंचवटा आतून होनने (नळी आतून घासायच्या हत्याराने) सपाट करतात, आणि नेमका तोच भाग पातळ होतो.

खड्डे घासून काढणं, म्हणजे शिशाचा लॅप किंवा होन फिरवणं, हा मोह सगळ्यांना होतो. नळी आरशासारखी दिसते आणि विकताना भाव येतो. भिंतीचा तक्ता हातात नसताना हे करू देऊ नये. आणि केलंच, तर नळीची फेरचाचणी हवी. इंग्लंडमध्ये ती करून नवा छाप मारला जातो, आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत हा टप्पा सोडून दिलेला असतो. संपलेल्या नळ्यांवर तिथे ‘स्लीव्हिंग’ करतात: मागचे तीनेक इंच ठेवून बाकी नळी कापायची आणि त्यात नव्या नळ्या बसवायच्या. बंदूक चालू होते, पण छापात ‘स्लीव्ह्ड’ असं लिहावं लागतं आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते. कुणी अशी बंदूक अस्सल म्हणून विकत असेल तर मागून तीन इंचांवर, जिथे बारीक नक्षी किंवा गोल रेघ कोरलेली असते, तिथे सांधा शोधावा.

पट्ट्या आणि बिजागर

दोन नळ्या एकमेकींना आणि वरच्या-खालच्या पट्ट्यांना कथलाच्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात. हा डाक सुटला की पट्टीखाली पाणी जातं आणि बाहेरून न दिसणारा गंज आतून काम करत राहतो. तपासणी सोपी आहे. नळ्या पूर्ण सुट्या करायच्या, खालच्या हुकात दोरी घालून टांगायच्या आणि बोटाच्या नखाने टिचकी मारायची. जोड पक्के असतील तर देवळातल्या घंटेसारखा लांबणारा नाद येतो. भदभद आवाज आला तर कुठेतरी डाक सुटला आहे. जागा शोधायला नळ्या गरम पाण्यात बुडवतात, तिथून बुडबुडे येतात.

याच डाकामुळे एक काम कधीही करू नये: गरम क्षारांच्या टाकीत बुडवून काळा रंग चढवणं. नव्या रायफलींना ते चालतं. त्या टाकीत कॉस्टिक असतं, तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या कितीतरी वर जातं, आणि कॉस्टिक कथलाच्या डाकाला खातं. बंदूक टाकीतून सुंदर काळी होऊन येते, आणि काही महिन्यांनी पट्टीच्या फटीतून पांढरा क्षार पाझरू लागतो.

बिजागर तपासताना पुढचं लाकूड आधी काढावं. त्याची स्प्रिंग नळ्यांना मागे रेटते आणि ढिलेपणा लपवते, विकणारे हे जाणून असतात. लाकूड काढून बंद बंदूक दस्त्याच्या मानेला धरून हलकेच हलवली तर खटखट होता कामा नये. मग सिगारेटच्या कागदाची पट्टी नळ्या आणि त्यांच्या मागची उभी भिंत यांच्यामध्ये धरून बंदूक मिटावी. कागद सहज निघून आला तर फट आहे. बारीक तपासणीला काजळ: त्या भिंतीवर पातळ थर लावून बंदूक मिटायची, उघडायची आणि काजळ कुठे उमटलं ते पाहायचं. दोन्ही नळ्यांच्या मागे सारखं उमटायला हवं.

ढिलं बिजागर दुरुस्त करायचा खरा मार्ग दोन प्रकारचा. एक, बिजागराची खीळ काढून जरा जाड खीळ बसवणं. दुसरा, नळीखालच्या हुकाच्या घासलेल्या जागी धातू भरून तो पुन्हा घासून जुळवणं. दोन्ही कामं काजळ लावून, थोडं थोडं घासत, तासन्‌तास चालतात. खोटे मार्गही दोन: हुकावर पंचाचे ठोके मारून धातू फुलवणं, किंवा मागे पितळी पत्रा चिकटवणं. हुकावर टिंबटिंब दिसली की समजावं. असा फुलवलेला धातू थोड्याच बारांत दबतो आणि मग खरी दुरुस्ती करणाऱ्याला आधी ती खोटी उपसावी लागते.

आतली यंत्रणा

बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकांत घोडा बार झाल्यावर आपोआप अर्धा मागे येतो का ते पाहावं. येत असेल तर 1867 च्या स्टँटन पेटंटनंतरची ती सुधारणा आहे आणि बंदूक उघडताना टोचणी (टोपीवर आपटणारी खीळ) अडकत नाही. बिनघोड्याच्या बर्मिंगहॅम बंदुका बहुतांश 1875 च्या अँसन-डीली पद्धतीच्या, म्हणजे बॉक्सलॉक. यात नळ्या खाली मोडल्या की आतले घोडे चढतात. नळ्या उतरवलेल्या असताना चाप ओढू नये. घोडे पडतात, चढवणाऱ्या दांड्या वर येतात आणि मग पुढचं लाकूड बसतच नाही. तसं झालंच तर दांड्या कठीण लाकडाच्या कडेवर एकेक दाबून टक आवाज येईपर्यंत खाली न्याव्यात. हातोडी वापरू नये.

चापाचं वजन स्प्रिंगकाट्याने मोजायचं, चेंबरमध्ये खोटी काडतुसं घालून. पुढचा चाप साधारण 1.6 किलो (साडेतीन पौंड) आणि मागचा थोडा जड, 1.8 किलोच्या आसपास. 1.4 च्या खाली आला तर चढलेला घोडा धरून ठेवणाऱ्या अडकणीची धार झिजली आहे. घोडे चढवून, रिकाम्या बंदुकीचा दस्ता रबरी चटईवर दोनदा हलका आपटावा. घोडा पडला तर बंदूक तिथेच बाजूला ठेवावी. खटका (सेफ्टी) लावून चाप ओढावा, सोडावा, मग खटका काढावा: तेवढ्यानेही घोडा पडता कामा नये. बहुतेक साध्या बॉक्सलॉकचा खटका फक्त चाप अडवतो, घोडा नव्हे. आतली अडकण झिजलेली असेल तर खटका लावल्याचा काही उपयोग नाही. टोचणी गोल टोकाची, सुमारे सव्वा मिलिमीटर बाहेर येणारी हवी. अणकुचीदार असेल तर टोपी भोसकते आणि गरम वायू मागे येऊन छिद्राभोवतीचा पोलाद खातो.

उघडण्याआधी स्क्रू पाहावेत, त्यावरून आधीचे हात कसे होते ते कळतं. चांगल्या इंग्रजी बंदुकीत स्क्रूच्या खाचा नळीच्या दिशेला समांतर जुळवलेल्या असतात आणि प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकासाठी बनवलेला असतो. खाचा बारीक असतात, दुकानातला पेचकस त्यात बसत नाही आणि कडा फाडतो. पात्याची जाडी खाचेपुरती घासून घ्यावी. अडलेल्या स्क्रूवर ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मेनिम्मे करून थेंब सोडावेत, रात्रभर ठेवावं, सकाळी सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटं टेकवावं, मग आधी घट्ट करण्याच्या दिशेला किंचित आणि नंतर सैल. हरवलेल्या स्क्रूच्या जागी मेट्रिक स्क्रू आटे पाडून बसवलेला असला की ते काम कुणा घाईच्या माणसाचं. इंग्रजी V आकाराच्या स्प्रिंगा पक्कडीने दाबू नयेत, त्यासाठी खास शिकंजा असतो.

दस्ता

अक्रोडाच्या दस्त्याला चीर पडते ती जवळपास नेहमी डोक्याशी, जिथे लाकूड लोखंडाला टेकतं. कारण तेल. बंदूक वर्षानुवर्षं तोंड वर करून कोपऱ्यात उभी ठेवली की नळ्यांतलं आणि यंत्रणेतलं तेल खाली झिरपून दस्त्याच्या डोक्यात मुरतं. लाकूड काळं पडतं, मऊ होतं, लोखंड मागे सरकतं आणि मागची लोखंडी पट्टी पाचरीसारखी लाकूड फाडते. अशा चिरेत नुसतं फेव्हिकॉल किंवा एपॉक्सी भरणं व्यर्थ, तेलकट लाकडाला काही चिकटत नाही.

आधी तेल काढायचं. अ‍ॅसिटोनमध्ये खडूची बारीक पूड कालवून लेप द्यायचा, हवा खेळती ठेवायची, जवळ आग नको. वाळताना खडू तेल ओढतो आणि पिवळट होतो. झटकून पुन्हा लेप. सहा-सात लेपांनंतर खडू पांढरा राहू लागला की थांबायचं. मग चीर लाकडी पाचरीने केसभर उघडून मंद सुकणारं एपॉक्सी सिरिंजने आत सोडायचं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, चोवीस तास तशीच. मानेतली मोठी चीर असेल तर आतून पितळी किंवा पोलादी आटेदार सळी तिरकी बसवतात. शेवटी मागच्या लोखंडी पट्टीच्या टोकामागे अर्धा मिलिमीटर मोकळी जागा ठेवायला विसरू नये, नाहीतर तीच पाचर पुन्हा काम सुरू करते.

पोचे असतील तर सँडपेपरने लाकूड उतरवू नका. ओल्या सुती फडक्यावर गरम इस्त्री क्षणभर टेकवली की वाफेने तंतू फुगून वर येतात. तुटलेल्या तंतूंवर याचा उपयोग नाही, दबलेल्यांवर होतो. लाकडाची पातळी लोखंडापेक्षा किंचित उंच असते ती तशीच राहू द्यावी. लाकूड लोखंडाच्या खाली गेलेलं दिसलं की दस्ता कुणीतरी सँड केलेला आहे.

शेवटचा हात जवसाच्या उकळलेल्या तेलाचा. इंग्रजी कारागीर त्या तेलात अल्कानेटची मुळं भिजवून लालसर करत. आपल्याकडे रतनजोत म्हणून मिळणारी मुळं तसाच रंग सोडतात. तेलाचे दोन थेंब तळहाताने जिरवायचे, जास्तीचं पुसायचं, पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा हात नाही. पंधरा-वीस हात लागतात, आणि पावसाळ्यात प्रत्येकाला दोन-तीन दिवस. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नळ्यांचा रंग

रंग गेलेला आहे म्हणून तो चढवायलाच हवा असं नाही. मूळ करडा-तपकिरी झाक असलेली नळी बहुतेक जाणकारांना नव्या काळ्या नळीपेक्षा आवडते, आणि ती घासावीही लागत नाही. सुटा लाल गंज असेल तर शिलाई मशीनचं तेल आणि पितळी किंवा कांस्याच्या अतिबारीक लोकरीने हलक्या हाताने काढावा, बस. रंग करायचाच ठरला तर गंजवून काळं करण्याची जुनी पद्धत. नळी लांबीच्या दिशेने, आडवी नव्हे, 320 ते 400 नंबरपर्यंत घासायची, छाप आणि अक्षरं हातानेच टाळायची. पॉलिशचं फिरतं चाक या कामाला बंद. खडूने तेल पूर्ण काढून रसायनाचा पातळ हात द्यायचा आणि गंजू द्यायचं. कोरड्या देशात यासाठी दमट पेटी बनवतात, जुलैच्या रत्नागिरीत खोलीच पुरेशी. मग पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, लाल गंजाचा काळा होतो. मऊ तारेच्या ब्रशने भुकटी झाडायची. असं सहा ते आठ वेळा. शेवटच्या उकळीत खाण्याचा सोडा, आणि मग तेल. दमास्कस नळीत लोखंड आणि पोलादाची नक्षी उठवायला मध्ये पातळ फेरिक क्लोराइडचा हात लागतो, हे तेच रसायन जे मुंबईत लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्ड कोरण्यासाठी मिळतं. हात जितका पातळ तितकी नक्षी स्वच्छ.

काडतूस

जुन्या इंग्रजी दुनळीचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मि.मी. काडतुसाचं. आज सहज मिळणारं काडतूस 70 मि.मी.चं. ते आत बसतं, कारण काडतुसावरची लांबी ही उघडल्यानंतरची असते. बार होताना पुढची घडी चेंबरच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हे इथे खोटं. चेंबरची लांबी बारीक स्टीलच्या पट्टीने मोजता येते: पट्टी तळाशी सरकवत नेली की निमुळत्या भागाच्या कडेला ती अडते. चेंबर लांबवून घेणं हा उपाय नव्हे, तिथलं लोखंड त्या दाबासाठीच ठेवलेलं असतं. काळ्या दारूच्या छापाच्या नळीत कारखान्याचं धूरविरहित काडतूस घालू नये, मग नळ्या कितीही चांगल्या भरोत. आणि वीस बोअरची काडतुसं बारा बोअरच्या पेटीत कधीही नकोत. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, मागे बाराचं भरलं जातं, आणि नळी डाव्या हाताशी फुटते. वीसची काडतुसं पिवळी बनवण्याचा पायंडा यातूनच पडला.

ठेवताना

चामड्याच्या म्यानात बंदूक कायमची ठेवू नका, कमावलेलं चामडं ओल धरतं आणि त्यातले क्षार नळीला डाग पाडतात. खोबरेल आणि करडई हे दोन्ही बंदुकीचे शत्रू: पहिलं खवट होऊन आम्ल सोडतं, दुसरं सुकून वार्निशसारखं चिकट बसतं. शिलाई मशीनचं किंवा बंदुकीचं खनिज तेल, तेही पुसून उरेल एवढंच. कुलूपबंद कपाटात, नळ्या सुट्या, किंवा जोडलेली असेल तर तोंड खाली करून फेल्टवर. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळ्यांतून कोरडं आणि मग तेलकट फडकं फिरवावं. ऑक्टोबरात दस्त्याच्या मागचे स्क्रू हाताने तपासावेत, कारण पावसात फुगलेलं लाकूड आकसलं की ते सैल होतात, आणि सैल स्क्रूवर बार काढला की डोक्याशी पहिली चीर पडते. भिंतीच्या जाडीचा तक्ता परवान्याच्या पुस्तिकेबरोबरच ठेवावा, म्हणजे पुढच्या कारागिराला जुने आकडे समोर ठेवूनच काम सुरू करता येईल.